गावकीच्या भांड्यांचे भिकूनाना

आमच्या गावात भिकूनानांच्या घरी जाऊन आरसा मागितला, तर राहीकाकी दाराच्या कडीकडे बोट दाखवते. थट्टा नाही. त्या पितळी कडीत बघून मी स्वतः भांग पाडलेला आहे, आणि घरच्या आरशापेक्षा तो सरळ पडला होता.

नाना पूर्वी बोटीवर होते. बोटीवर म्हणजे आपल्या रेवदंड्याच्या खाडीतल्या मचव्यावर नव्हे. मोठ्या, धुराच्या, दर्यापारच्या बोटीवर. मिसरूड फुटायच्या आधी गेले, मधे रजेवर येऊन राहीकाकीशी लग्न केलं आणि पुन्हा गेले ते गुडघा आखडला तेव्हा परत आले. ते साल नेमकं सत्तेचाळीस, त्यामुळे देश स्वतंत्र झाला म्हणून भिकू परतला असं आमचे रामचंद्र पाटील दर पंधरा ऑगस्टला भाषणात सांगतात. राहीकाकी गुडघ्याचं सांगते. नाना दोघांनाही नाही म्हणत नाहीत.

एवढी दुनिया फिरून आलेला माणूस, तेव्हा गावानं त्यांना पारावर बसवून विचारलं, "भिकू, एडन कसं हाय रं?"

"खारी हवा. पितळ सकाळी पुसावं तर सांजंला हिरवं."

"आन मुंबासा?"

"तिथं दमट. डाग पडतात."

"विलायत तरी?"

"धुकं. लई धुकं. कठडा पुसतोय का धुकं पुसतोय ते समजायचं न्हाय."

त्याचं असं की बोटीवर नानांचं काम पितळेचं होतं. घंटा, कठडे, खिडक्यांच्या गोल चौकटी, कप्तानाच्या दाराची मूठ, सगळं घासून चकचकीत ठेवायचं. दुनियेकडे त्यांची पाठ होती आणि तोंड पितळाकडे. म्हणून त्यांनी जग पाहिलं ते कठड्यात उलटं पडलेलं.

गावात परत आल्यावर पंचाईत झाली. नानांच्या घरात पितळ म्हणून होतं ते किती? एक घागर, दोन तांबे, समई, अडकित्ता आणि ती दाराची कडी. ते सगळं हां हां म्हणता घासून संपलं. मग नाना ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या पितळाकडे बघायला लागले. विहिरीवर जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून जाऊ लागल्या.

"बघनं वाईट न्हाय गो त्याचं," आमची जनीमावशी म्हणायची, "पन तो घागरीकडं बघतो. मानसाकडं बघंल तर चार शब्द बोलता तरी येतील."

जनीमावशी म्हणजे आमच्या गावची धवलारीण. आमच्याकडे लग्न लावायचं तर धवलारणीचे धवले लागतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत ती गात असते आणि कुणी काय करायचं ते गाण्यातूनच सांगत असते. तिच्या आवाजाला गावात पाटीलही दबून असतात. गाणं नसतं तेव्हा ती नुसती बोलते, आणि लोक जास्त दबतात.

शेवटी नानांनी शाळेचा पितळी टोल घासला. असा घासला, की पुढे कितीतरी दिवस गुरुजी त्याला हातोडी लावीनात, पोचा पडेल म्हणून. शाळा कधी सुटायची ते आम्हीच ठरवायचो. नानांचं नाव मुलांत तेव्हापासून मोठं आहे.

आता गावकीच्या भांड्यांचं सांगतो, कारण नानांचं खरं आयुष्य तिथून सुरू होतं.

लग्नाकार्याला लागणारी मोठी भांडी एकेका घराला कुठून परवडणार? म्हणून ती गावाची असतात. गावदेवीच्या देवळामागे एक खोली आहे, तिच्यात तांब्याचे टोप, पितळेच्या पराती, हंडे, ओगराळी, झारे असं सगळं ठेवलेलं. ज्याच्या घरी लग्न, त्यानं देवीपुढे नारळ ठेवायचा आणि भांडी न्यायची. कार्य उरकलं की घासूनपुसून आणून द्यायची. सगळ्यांत मोठ्या टोपाला गावातल्या सुनांनी मामंजी असं नाव ठेवलेलं. त्यांच्यासमोर पदर खोचून खाली मान घालावी लागते, ते कधी एका जागेवरून हलत नाहीत आणि कितीही केलं तरी समाधान पावत नाहीत, म्हणून.

खोलीची चावी पूर्वी धर्माजीबुवांकडे होती. बुवांना दोन्ही डोळ्यांनी बेताचं दिसे, त्यामुळे त्यांच्या काळातली सगळी लग्नं सुखात पार पडली. भांडी काळी यायची, चिकट यायची, एकदा तर टोप मागच्या लग्नातलं वरण तसंच घेऊन आला. बुवा हात फिरवून म्हणत, "हाय ना टोप? मग ठेव." बुवा वारले तेव्हा गावकीनं चावी भिकूनानांना दिली. देणाऱ्यांचा हिशेब साधा होता: निदान आमच्या घागरींकडे बघायचा थांबेल.

आणि गावानं आपल्या हातानं आपल्या मानेवर सुरी ठेवली.

पहिलंच लग्न आमच्या आळीतल्या रंगूच्या भावाचं होतं. लग्न उरकलं, हळदीच्या साड्यांतच बायका भांडी घासून देवळाच्या पटांगणात घेऊन आल्या. नाना चष्मा लावून उन्हात बसले. परात मांडीवर घेतली, सूर्याकडे कलती केली आणि तिच्यात आपली मिशी शोधू लागले.

"धुकं हाय," नाना म्हणाले.

"काय हाय?" रंगूनं विचारलं.

"धुकं. मिशी दिसते, पन केस सुटा दिसत न्हाय. घेऊन जा."

रंगू परात घेऊन गेली, घासून आणली. पुन्हा धुकं. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "नाना, मिशीच काढून टाका ना. सगळ्यांचीच सुटका होईल."

नानांची पद्धत ठरलेली होती. आधी चिंच आणि मीठ. मग रेवदंड्याच्या किनाऱ्यावरची बारीक वाळू, ओल्या वाळूवर नारळाची शेंडी. मग राख. मग कोरडं फडकं. आणि हे सगळं नुसतं अंगाला नव्हे, बुडालाही. टोपाच्या आत कल्हई असते, तिथे ते हात लावू देत नसत. पण बाहेरून तांबं लालबुंद झालं पाहिजे, अगदी चुलीवर बसतं तिथेसुद्धा. पूर्वी चुलीवर चढवायच्या आधी बुडाला मातीचा लेप देत, म्हणजे काजळी लेपावर बसे आणि लेपाबरोबर निघून जाई. नानांनी लेप बंद केला. माती म्हणजे घाण. घाणीनं घाण कशी निघणार?

जनीमावशीच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा यावरून जुंपली.

"बूड कोन बघतंय रं भिकू? ते चुलीवर ठेवायचं का देव्हाऱ्यात?"

"बोटीचा तळ पन पान्यात असतो, जनीबाय. म्हणून कप्तान तो घासायचा सोडत न्हाय."

"तुझा कप्तान त्यात वरन शिजवायचा का?"

 नाना टोप उलटा करून बसले. मावशी टोप घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन आली, आणि पुन्हा घेऊन गेली. तिचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत, पण चालीवर होते.

पण खोटं कशाला बोलू, गावाला त्याचा अभिमानही वाटायला लागला होता. चौलपासून लोक आमची भांडी बघायला येत. "तुमच्याकडचा टोप बुडाकडून पन तोंड दाखवतो म्हणं," असं कुणी म्हटलं की आमचे लोक, ज्यांचे हात घासून सोलपटलेले असत तेसुद्धा, "मग? असंच असतं आमच्याकडं," म्हणत.

मधे एका वरातीत कुणीतरी गावकीची परात ढोलासारखी बडवली आणि तिला पोचा आला. नानांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. त्यांनी गावकी बसवली आणि नियम करून घेतला: ज्याच्या कार्यात गावकीचं भांडं खराब होईल, त्यानं पुन्हा देवळामागच्या खोलीत पाय टाकायचा नाही. लोकांना घरी जायची घाई होती. सगळे हो म्हणाले.

चावी नाना करगोट्याला बांधत. आंघोळीलाही सोडत नसत. त्यांचं शेत भावांकडे गेलेलं, होडी नाही, गुडघ्यामुळे खाडीच्या बांध-बंदिस्तीच्या कामालाही जाता येत नाही. त्या चावीवर त्यांची सकाळ उगवायची. चावी गेली तर भिकूनाना म्हणजे ओट्यावर बसून गुडघा चोळणारा एक माणूस उरणार, हे गावाला ठाऊक होतं. नानांना तर जास्तच.

एकोणसाठच्या वैशाखात नानांच्या गोदूचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. मुलगा उरणकडच्या मिठागरावरचा. व्याही शिवदास म्हणून, मोठ्या आवाजाचे, दिलदार गृहस्थ. गावाला नवरदेवाचं फारसं कौतुक नव्हतं. गावाला एवढंच माहीत होतं की आता भांडी नेणार नाना, आणि आणून देणारही नाना.

"मग बघनार कोन?" पारावर चर्चा सुरू झाली.

"मी," जनीमावशी म्हणाली. "रेवदंड्यासनं चष्मा आनून ठेवलाय. मना मिशी न्हाय, पन हनुवटीवर एक केस हाय. तो दिसला पायजे."

नानांनी हे ऐकलं आणि मनावर घेतलं. लग्नाच्या आधीच त्यांनी मामंजीला पटांगणात आडवं केलं. स्वतः किनाऱ्यावर जाऊन वाळू आणली, चाळून घेतली. दिवसभर शेंडी फिरत होती. राहीकाकी जेवायला हाक मारून मारून दमली. संध्याकाळी मामंजी असे दिसायला लागले, की चुलीवर चढवायला संकोच वाटावा.

लग्नाच्या दिवशी सकाळी चूल पेटली. स्वयंपाकाला रघू होता, गावचा आचारी, अंगानं मामंजीच्या खालोखाल. तो हातात ओल्या मातीचा गोळा घेऊन आला.

"नाना, आज तरी लेप देऊ. डाळ मोठी हाय, जाळ मोठा लागंल."

"माझ्या गोदूच्या लग्नात मामंजी चिखल माखून बसनार न्हाईत," नाना म्हणाले.

रघूनं गोळा खाली टाकला. मामंजी चढले, पाणी चढलं, तुरीची डाळ पडली. मांडवात जनीमावशीचे धवले सुरू झाले. वऱ्हाड करंजाहून तरीनं खाडी ओलांडून, रेवसला उतरून एस.टी.त बसल्याचा निरोप आला. सगळं ठीक चाललेलं. मग रघूनं कान टवकारले.

"नाना, चूल फुसफुसतेय."

"ओलं लाकूड असंल."

"लाकूड माझ्या घरचं हाय. सुकं ठणठणीत."

दोघं वाकून बघायला लागले. मामंजींच्या बुडातून एक थेंब सुटला, निखाऱ्यावर पडला, फुस्स झालं. मग दुसरा. मग थेंबांची धार झाली. रघूनं धावत कणीक आणली आणि झाऱ्याच्या टोकानं आतून भोकावर दाबली. एक भोक बुजलं, शेजारी दुसरं हसलं. तेवढ्यात चुलीचा एक कोपरा विझून धूर मांडवात शिरला, आणि नवरीच्या मामीनं खोकत विचारलं, "वरन जळलं का गो?" वरण जळलं असतं तर बरं, ते वाहत होतं.

चौघा गड्यांनी टोप उतरवला. अर्धकच्ची डाळ परातींत, हंड्यांत, जे सापडेल त्यात ओतली. रिकामा टोप आडवा केला आणि नानांनी त्यात डोकं घातलं. समोर बुडाच्या बाजूला ऊन होतं. तांब्याच्या त्या पत्र्यात, दहा वर्षं वाळूनं घासघासून विड्याच्या पानाएवढ्या पातळ झालेल्या पत्र्यात, भर सकाळी चांदण्या लुकलुकत होत्या.

नाना बराच वेळ डोकं बाहेर काढीनात. काढलं तेव्हा कुणाकडेही न बघता त्यांनी करगोट्याची गाठ सोडली, चावी काढली आणि रामचंद्र पाटलांच्या हातात ठेवली.

"नियम माझाच हाय," ते म्हणाले.

"आरं येड्या, व्हराड अर्ध्या वाटंवर आलं असंल," पाटील ओरडले, "तीनशे मानसं जेवायला बसनार, आन तू मना चावी देतोस? टोप दे!"

पण टोप होता कुठे? मधला टोप भातात गुंतलेला, धाकट्यात भाजी. राहीकाकी भिंतीला टेकून खाली बसली. गोदू मांडवात हळदीनं माखलेली, तिला कुणी काही सांगेना, त्यामुळे तिला सगळं कळलं होतं.

मांडवात जनीमावशीपर्यंत बातमी पोचली. आता अडचण अशी, की धवला मध्येच मोडायचा नसतो. नवरीला अशुभ. दुसरी कुणी असती तर इकडे आड तिकडे विहीर झालं असतं. मावशीनं गाणं मोडलं नाही, तीच चाल धरली आणि नुसते शब्द बदलले:

"रंगू गो माझे बाय, घरा तू जाय, टोप तुझा आन गो,
काळा असो, पोचा असो, चुलीला त्याचा मान गो!"

पहिल्यांदा बायकांना वाटलं हा नवाच धवला आहे. त्यांनी मागून टोप तुझा आन गो, टोप तुझा आन गो असं म्हटलंसुद्धा. मग रंगूच्या डोक्यात उजेड पडला आणि ती उठून पळाली. मावशी एकेकीचं नाव घालत गेली, आणि एकेक बाई उठून जात राहिली. शेवटी मांडवात मावशी, नवरी आणि एक बहिरी आत्या एवढ्याच उरल्या, पण सूर हलला नाही.

पंचवीसतीस टोप आले. कुणाचा तिरका, कुणाचा कान तुटलेला, सगळे बुडाला काळेकुट्ट. नानांनी आयुष्यात एवढं धुकं एका जागी पाहिलं नसेल. अंगणात दगडांच्या चुली मांडल्या गेल्या, डाळ वाटून दिली गेली आणि जिचा टोप तिनं आपलं वरण शिजवलं. आता बाई आपल्या टोपासमोर बसली की कुणाचं ऐकते? रघू ओरडत होता, "सगळ्यांनी सारखी फोडनी घाला गो!" एकीनं लसूण घातली, दुसरीनं आमसूल, तिसरीनं घरून सुकी मिरची आणली.

पंगत बसली. व्याही शिवदासांनी पहिला भुरका मारला, शेजारच्या पानात बोट घातलं, चाटलं, पुन्हा आपल्यात घातलं.

"भिकूशेट," त्यांचा आवाज मांडवभर गेला, "आमच्याकडं लग्नाला एक वरन करतात. तुमच्याकडं पंगतीपंगतीला येगळं?"

नाना पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पाटील घाईनं पुढे झाले. "पद्धत हाय आमची. घरटी एक वरन. पोरगी सगळ्या गावाची असते ना."

"वा! मग त्या कोपऱ्यातलं तिखट इकडं आना," शिवदास म्हणाले. त्यानंतर वऱ्हाडानं जो धुडगूस घातला तो सांगायलाच नको. माणसं पानं घेऊन एका पंगतीतून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसत होती. ह्या घरचं वरण बरं का त्या घरचं यावरून नवऱ्याच्या दोन चुलत्यांत हमरीतुमरी झाली. गोदू सासरी गेली ती वाजतगाजत, आणि वरणाची कीर्ती तिच्या पुढे पोचलेली.

इथे गोष्ट संपली असती, तर नाना ते नाना कसले?

पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी सगळे टोप नानांच्या अंगणात रचलेले होते. राहीकाकी म्हणाली, "अवो, नुसते धुऊन द्या. ज्याचा त्याला."

"ज्या टोपांनी माझी लाज राखली ते काळे परत देऊ?" नाना म्हणाले आणि टोप आत घेऊन दार लावून घेतलं.

आतून खरखर ऐकू येत होती. मध्येच ठकठक. लोकांना वाटलं, बरं आहे, चावी गेल्याचं दुःख बाहेर पडतंय. पडू दे.

मग एका सकाळी नानांनी ते टोप देवळाच्या पटांगणात ओळीनं मांडले आणि बाजूला हात जोडून उभे राहिले. बायका आल्या. आल्या आणि थबकल्या. पंचवीसतीस टोप उन्हात नुसते पेटले होते. बूड काय, कान काय, सगळीकडून डोळे दिपत होते.

"ह्यात माझा कंचा?" रंगू म्हणाली.

कुणालाच सांगता येईना. दोन-चार टोपांवर नावं होती, तीही घासून घासून पुसट. बाकी बायका आपला टोप ओळखायच्या तो काजळीवरून, नाहीतर पोच्यावरून. काजळी गेलेली. रंगूनं एकेक टोप उचलून बुडाखाली तळवा फिरवला. "माझ्याला हितं पोचा होता."

"काढला," नाना नम्रपणे म्हणाले. "लाकडी मोगरीनं. सगळ्यांचेच काढलेत."

मग जो गलका झाला तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. एका टोपाला दोन बायका धरून उभ्या. तिसऱ्याला कुणीच आपला म्हणेना, इतका तो बदललेला. जनीमावशी सगळ्यांत शेवटी आली. तिनं चष्मा लावला, ओळीवरून एक फेरी मारली.

"भिकू, माझ्या टोपाचं बूड काळं होतं."

"व्हय, जनीबाय. लई काळं होतं."

"ते माझ्या सासूनं काळं केलेलं. तिच्यामागं मी केलं. आरं, काळं बूड पटकन तापतं, लाकूड कमी लागतं. आता ह्या आरशावर भात ठेवला तर पोरं शाळंतनं येऊन परत जातील तरी शिजायचा न्हाय!"

 नानांच्या ओठांवरची मिशी तेवढी खाली आली.

तोड शेवटी बायकांनीच काढली. प्रत्येकीनं हाताला येईल तो टोप घरी न्यायचा आणि त्यात भात टाकायचा. कारण प्रत्येक टोपात भात लागायची जागा ठरलेली असते. कुणाचा डाव्या अंगाला लागतो, कुणाचा मधोमध, कुणाचा कानाखाली. त्यानंतर काही दिवस गावात हेच चाललं होतं. "रंगू, हा उजवीकडं लागतोय गो, तुझा का?" "माझा न्हाय, माझा दोन ठिकानी लागतो. जनीमावशीकडं बघ." ज्या दोघी जावा बांधाच्या भांडणावरून एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, त्याही करपल्या भाताची खरपुडी हातात घेऊन एकमेकींच्या दारात उभ्या राहिल्या. आम्ही पुरुषांनी आणि मुलांनी त्या दिवसांत खाल्लेला करपट भात वेगळाच.

टोप मार्गी लागले तशी गावकी बसली. रामचंद्र पाटलांनी चावी समोर ठेवली.

"नियमाप्रमानं भिकूला आता खोलीत जाता येनार न्हाय. तर चावी कोनाला?"

कुणी रघूचं नाव सुचवलं. रघू म्हणाला, "मना भरलेलं भांडं समजतं. रिकाम्यातलं काय कळत न्हाय." आणखी दोघांकडे बघितलं, त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

नाना पायरीवर खाली मान घालून बसले होते, उजवा हात कमरेशी, जिथे चावी असायची तिथे.

गावकीत बायका बसत नाहीत. त्या विहिरीच्या कठड्याशी उभ्या असतात आणि पुरुषांपेक्षा जास्त बोलतात. तिथून जनीमावशीचा आवाज आला.

"पाटील, तो नियम काय हाय? परत सांगा."

"ज्याच्या कार्यात भांडं खराब होईल—"

"भांडं त्याच्या कार्यात फुटलं. खराब कधी झालं? त्याचं बूड एका दिवसात झिजलं का? दहा वर्षं कोनी घासलं? रंगूनं घासलं, मी घासलं, तुमच्या पाटलीनबायनं घासलं. म्हंजे आमच्या सगळ्यांच्या पायांना खोली बंद. मग आता लग्नं काय केळीच्या पानावर शिजवायची?"

पाटलांनी चावी उचलून पुन्हा खाली ठेवली.

"आन दुसरं," मावशी म्हणाली, "धर्माजीबुवाच्या वेळी ओगराळी कुनाच्या घरी सापडायची, झारा कुनाच्या गोठ्यात. ह्याच्या राज्यात एक चमचा हरवला न्हाय. चावी त्यालाच द्या. फक्त वाळू काढून घ्या."

सगळं पटांगण हसलं. पाटलांनीही संधी साधली आणि निकाल देऊन टाकला: बुडाला लेप लावायचा, वाळू बंद, लेपातूनही बूड काळं राहील ते राहू द्यायचं.

नानांनी मान वर केली. "काळं?"

"काळं."

"आन बाजू?"

"बाजू घास. चिंचेनं."

"राख?"

"बरं, राख."

"पराती तर चुलीवर चढत न्हाईत. परातींना वाळू..."

"भिकू!" विहिरीकडून आवाज आला.

"ऱ्हायलं," नाना म्हणाले, आणि चावी उचलून तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, करगोट्याला बांधायला लागले. पाटलांना तोंड फिरवावं लागलं.

मामंजींना नंतर रेवदंड्याच्या तांबटाकडे नेलं. त्यानं नवं बूड जोडून दिलं. त्यानंतर गावात कितीतरी लग्नं झाली आणि नाना शब्दाला जागले. कुणी काळ्या बुडाचा टोप आणून दिला तर त्यांचा हात नुसता शिवशिवतो, पण ते घेतात. मात्र खोलीत ठेवताना प्रत्येक टोपाचं बूड भिंतीकडे करतात, म्हणजे दार उघडल्यावर चकाकी तेवढी दिसते.

त्यामुळे ती भिंत काळी झाली. परवा देवळावरून जाताना मागून खरखर ऐकू आली म्हणून डोकावलो, तर नाना पाटावर बसून, बाजूला ओल्या वाळूचा ढीग घेऊन, शेंडीनं भिंत घासत होते.

"नाना, वाळू बंद हाय ना?" मी म्हटलं.

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "भांड्यांना," ते म्हणाले.